कागदाला पडलेली फाट

द्रोणाचार्यांनी झाडावरचा पक्षी दाखवून शिष्यांना काय काय दिसते ते विचारले आणि अर्जुनाला फक्त डोळा दिसला, ही गोष्ट मी चौथीत असताना वर्गात ऐकली. तेव्हापासून ती मला किमान पन्नास जणांनी पुन्हा ऐकवली असेल. धनुर्विद्या शिकणारी मुलगी भेटली की माणसांना दुसरे काही सुचतच नाही. नातेवाईक, एसटीतले सहप्रवासी, आमच्या ग्रंथालयातले शिपाईमामा, सगळे एकच विचारतात, "मग, दिसतो का पोपटाचा डोळा?" पूर्वी मी हसून मान डोलवीत असे. अलीकडे मात्र माझ्या मनात वेगळाच प्रश्न येतो. डोळा दिसला हे ठीक. पण त्या दिवशी अर्जुनाच्या हातात चुकून भीमाचे धनुष्य असते तर?

माझे धनुष्य कंपाउंड जातीचे आहे. ते पहिल्यांदा घरी आले तेव्हा आजी चष्मा पुसून म्हणाली, "ह्ये काय, मोडकी सायकल आणली का काय?" तिचे फारसे चुकले नव्हते. या धनुष्याच्या दोन्ही टोकांना दोन चाके असतात, त्यांना कॅम म्हणतात. एक दोरी आणि शिवाय केबली त्यांच्यावरून फिरतात. मिसुरी राज्यातल्या होलिस विल्बर ॲलन नावाच्या अमेरिकन माणसाने या रचनेचे पेटंट १९६९ साली मिळवले. (आपण स्क्रू फिरवतो ती एलनकी या ॲलनची नव्हे. मला बरेच दिवस तसे वाटत होते.) चाकांचा आस मध्यावर नसतो, एका बाजूला असतो, आणि सारी गंमत तिथेच आहे. साधे धनुष्य जितके ओढावे तितके जड होत जाते. हे मात्र आधी जड लागते आणि पूर्ण ओढले की एकदम हलके होते. माझे धनुष्य ओढायला ४८ पौंड जोर लागतो, पण ओढून धरल्यावर हातावर जेमतेम १२ पौंड उरतात. म्हणून नेम धरायला सवड मिळते. डोळ्यासमोर दोरीत बसवलेले बारीक भोक असते, ते पीप. पुढे भिंग लावलेली साइट. दोरी बोटांनी सोडायची नसते, त्यासाठी रिलीज नावाचा चाप असतो. थोडक्यात, माणसाच्या हाती चूक करायला फारसे काही ठेवलेले नाही, असे पाहणाऱ्याला वाटते. मलाही वाटले होते.

मी सुरुवात केली ती बांबूच्या धनुष्यावर, इंडियन राऊंडमध्ये. मग ऑगस्ट २०२३ आला. बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आमच्या सातारा जिल्ह्यातली अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंडची विश्वविजेती झाली. अंतिम सामन्यात तिने मेक्सिकोच्या अँड्रिया बेसेराला १४९ विरुद्ध १४७ असे हरवले. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांच्या अंतिम सामन्यात पंधरा बाणांत १५० पैकी १५० गुण घेतले. ती बातमी मी मोबाइलवर वाचून दाखवली तेव्हा वडील गोठ्यात धार काढत होते. ते काही बोलले नाहीत. पण गेल्या वर्षी मे महिन्यात दावणीच्या दोन म्हशींपैकी दुभती म्हैस गेली आणि सत्तर हजारांना हे धनुष्य आले. नवे घ्यायचे तर आणखी एक म्हैस आणि बहुधा गोठाही गेला असता.

धनुष्य होते शेजारच्या तालुक्यातल्या एका ताईचे. ती राज्य पातळीवर खेळलेली. लग्नानंतर दोन वर्षे धनुष्य कपाटावर पडून होते. आम्ही आणायला गेलो तेव्हा तिने ते स्वतः पुसून पेटीत ठेवले. दोन्ही कॅमवर, आकड्याच्या खुणेशी, नेलपॉलिशचा एकेक पांढरा ठिपका होता. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "सगळं जुळवलेलं आहे. यातलं काही हलवू नकोस." मी हो म्हटले. वडिलांनीही हो म्हटले. जाताना ती पेटीच्या कडीवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली, तेही मला आठवते.

मी काही हलवले नाही. जून गेला, जुलै गेला, आणि माझे बाण कुठेही जाऊ लागले.

वाचकांपैकी फार थोड्यांनी बाण उडताना पाहिला असेल, म्हणून सांगते. बाण सरळ जातो ही समजूतच आहे. कंपाउंडचा बाण पन्नास मीटर अंतर अर्ध्या सेकंदाहून थोड्या अधिक वेळात कापतो. सुटताना मागून इतका धक्का बसतो की कार्बनची ती नळी वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. हे वाकणे मोजण्याची रीतही ठरलेली आहे. २८ इंचांवरच्या दोन टेकूंवर बाण आडवा ठेवून मध्यभागी ८८० ग्रॅमचे वजन टांगतात. मग तो जितका झुकेल तितका त्याचा स्पाइन. चारशे स्पाइन म्हणजे ०·४०० इंच झुकला. आकडा लहान तितका बाण ताठ. चांगला बाण थोडे अंगाला आळोखेपिळोखे देऊन लगेच सावरतो. वाईट सुटलेला बाण मात्र माशासारखी शेपटी हलवत जातो. माझे बाण असेच पोहत जात होते. मागचे पीस डावीकडे पळायचे. मधले पिवळे वर्तुळ, म्हणजे दहा गुणांचे, पन्नास मीटरवर आठ सेंटिमीटर व्यासाचे असते. चहाच्या बशीहून लहान. पोहणाऱ्या बाणाला ते सापडावे कसे?

आमचे सर त्या सुमारास नोकरीनिमित्त दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते. शिकवणी फोनवर चालायची. मी समोरून काढलेला व्हिडिओ पाठवायची आणि रात्री त्यांचा निरोप यायचा, "हात हलतोय." मी हात सुधारू लागले. दुधाची भरलेली किटली हात लांब करून धरायची, ओढ्यावरून येताना भिंतीला टेकून उभी राहायची, पहाटे उठून दोनशे वेळा रबर ओढायची. गुण ६५० वरून ६३८ वर आले. बहात्तर बाणांचे ७२० पैकी. वडील संध्याकाळी विचारायचे, "आज किती?" मी दहावीस वाढवून सांगायची. हे पहिल्यांदाच लिहिते आहे.

कागदाची चाचणी मी व्हिडिओवरूनच शिकले. जुन्या खिडकीची एक चौकट परसात होती. तिच्यावर वर्तमानपत्र ताणून चिकटवायचे, दोन मीटरवर उभे राहायचे आणि कागदातून बाण मारायचा. मागे आईच्या शिवणातल्या चिंध्या ठासून भरलेली दोन पोती. आई गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते, त्यामुळे चिंध्यांना आमच्याकडे तोटा नाही. बाण सरळ गेला तर कागदाला एकच गोल भोक पडते आणि त्याच्याभोवती तीन पिसांच्या तीन बारीक चिरा. तिरका गेला तर टोकाचे भोक एकीकडे, पिसांची खूण दुसरीकडे, आणि मधला कागद फाटलेला. ती फाट वाचायची असते. शेपूट वर गेले तर बाण दोरीला जिथे अडकतो ती जागा खाली घ्यायची, किंवा बाण टेकतो ती रेस्ट वर. आधी वरखाली, मग डावेउजवे. दोन्ही एकदम हलवायचे नाही, नाही तर कशाने काय झाले तेच कळत नाही.

माझी पहिली फाट दोन इंचांची होती, डावीकडे. एका पुढाऱ्याच्या अभिनंदनाची जाहिरात होती. बाणाचे टोक त्याच्या कानात गेले होते आणि पिसे शेजारच्या पुढाऱ्याच्या डोळ्यात. म्हणजे डोळा साधला होता, पण चुकीच्या पक्ष्याचा.

काही हलवायचे नाही हे वचन मी इथे मोडले, पण चोरून आणि अर्धवट. रेस्ट तेवढी उजवीकडे सरकवली. अर्धा मिलिमीटर, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा. फाट कमी होत गेली. चौथ्या दिवशी कागदाला जवळजवळ गोल भोक पडले आणि मी ते पान कापून वहीत ठेवले. वीस मीटरवर बाण एका जागी बसू लागले. पण तीसवर ते थोडे उजवीकडे गेले, चाळीसवर आणखी, पन्नासवर निळ्या वर्तुळात. एकाच खुणेवर नेम धरून मागे मागे सरकत बाण मारले तर ते एकाखाली एक, ओळंब्यात उतरायला हवेत. माझ्या बाणांची ओळ छपराच्या वाशासारखी तिरपी होती. रेस्ट मी मधल्या रेषेपासून इतकी दूर नेली होती की धनुष्य एकीकडे पाहत होते आणि बाण दुसरीकडे. ताप उतरवला होता, दुखणे होते तिथेच होते. विद्यापीठाच्या निवड चाचणीला तीन आठवडे उरले होते.

त्या रविवारी मी आईला म्हटले, "एवढा व्हिडिओ काढ माझा." ती मशीनवरून उठली, गळ्यातली टेप तशीच, आणि समोर जायच्या ऐवजी माझ्या बाजूला येऊन उभी राहिली, कारण समोर ऊन होते. एवढेच कारण. मी धनुष्य ओढले. मोबाइल धरायचा सोडून ती माझ्याकडे बघत राहिली. मी दोरी परत सोडली. ती म्हणाली, "पुन्हा कर." पुन्हा केले. "पुन्हा." तिसऱ्या वेळी माझे दंड थरथरायला लागले तेव्हा तिने विचारले, "मापाचा ब्लाउज कुणाचा दिलाय ह्यांना?"

मला समजेना.

"अगं, बाही लांब झालीय तुला. कोपर ताणलंय, मान मागं गेलीय, पाठीला बाक आलाय. आणि ती दोरी गालात रुतलीय, बघ वळ उठलाय. दुसरीच्या मापाचं आहे हे."

मग तिने मला दारात उभे केले, दोन्ही हात आडवे पसरायला लावले आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत टेप धरली. पासष्ट इंच. धनुष्याच्या लांबीचा ढोबळ हिशेब मी कधीतरी वाचला होता. हातांचा पसारा भागिले अडीच. पासष्ट भागिले अडीच, सव्वीस. मी कॅम उन्हात धरला. पांढरा ठिपका सत्तावीसवर होता.

एक इंच. जास्त लांब धनुष्यात दोरी चेहऱ्यावर दाबली जाते, सुटताना गालाला घासून बाजूला ढकलली जाते आणि बाणाचे शेपूट डावीकडे फेकते. हे मला वाचून माहीत होते. पण ते आपल्याला लागू आहे हे वाचून कळत नाही. चार महिने मी माझ्या हाताला शिव्या दिल्या होत्या.

इथे मी शहाण्यासारखी वागले असे वाटेल तर तसे नाही. मी आईशी भांडले. माप बदलले तर साइटच्या साऱ्या खुणा बाद होणार, पीप हलणार, चाचणी तोंडावर आलेली, आणि ताईला दिलेला शब्द. खरे कारण वेगळेच होते. ताई या मापावर राज्य पातळीवर खेळली होती. मला वाटत होते, मी थोडी वाढले, थोडी ताणले, तर त्या मापात बसेन. आई काही बोलली नाही. एक ब्लाउज उसवत बसली.

रात्री सरांना फोन केला. ते म्हणाले, "मॉड्यूल कितीवर आहे?" मी सत्तावीस म्हटले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "हे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. आणि तू बाजूचा व्हिडिओ एकदाही पाठवला नाहीस." दोघांच्याही वाट्याला बरोबर अर्धेअर्धे आले.

माप बदलायला पाच मिनिटे लागली. वरच्या कॅमचे दोन स्क्रू, खालच्या कॅमचे दोन स्क्रू, एलनकीने सैल करायचे, तबकडी सव्वीसच्या खुणेला आणायची, पुन्हा आवळायचे. वर एक आणि खाली एक असे आकडे झाले तर धनुष्याचा घात होतो, म्हणून मी चार वेळा तपासले. मग दोन्ही चाके एकाच वेळी टोकाला पोचतात की नाही ते पाहायचे होते. ओढणाऱ्याला ते दिसत नाही. वडील परसात मातीवर आडवे झाले आणि म्हणाले, "ओढ सावकाश." दुसऱ्याच खेपेला ते उठून बसले. "वरचं आधी पोचतंय. खालचं मागनं येतंय. जुवाला एक बैल पुढं आणि एक मागं, तसं." मला तो फरक नुसत्या डोळ्यांनी कधी दिसला नसता. तो दोनतीन मिलिमीटरचा होता.

हे दुरुस्त करायला केबलला पीळ द्यावा लागतो आणि त्यासाठी धनुष्य प्रेसमध्ये दाबून दोरी सैल करावी लागते. प्रेस साताऱ्याला. सकाळच्या एसटीने निघाले. कंडक्टरने पेटीवर टिचकी मारून विचारले, "वाद्य का?" मी हो म्हटले, कारण धनुष्य म्हटले की पोपट आला असता. त्याने पेटीचे वेगळे तिकीट फाडले. साताऱ्याच्या मैदानावरच्या मुलाने केबलला अर्धा पीळ दिला, पाहिले, आणखी अर्धा दिला. पीप चार मिलिमीटर सरकवली. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र घेतला.

घरी येऊन रेस्ट पुन्हा मध्यावर आणली आणि चौकटीवर ताजा कागद लावला. दोन इंचांची फाट पाव इंचावर आली होती. डावीकडेच, पण पाव इंच. आई शिलाई थांबवून बघायला आली. तिला वाटले झाले. मलाही तसे वाटून घ्यायला आवडले असते. पण आता माप माझे होते, चाके बरोबर होती, गालावर वळ नव्हता. मग हे पाव इंच कुणाचे?

ते माझे होते. मी मूठ आवळून धरत होते. कंपाउंडची मूठ धरायची नसतेच. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल भाग आहे त्यावर ती नुसती टेकवायची, बोटे मोकळी ठेवायची, आणि धनुष्य पडू नये म्हणून मनगटाला दोरी अडकवायची. मूठ आवळली की बाण सुटताच धनुष्य हातात किंचित फिरते आणि शेपूट बाजूला जाते. सरांचे "हात हलतोय" अगदीच खोटे नव्हते. दोन इंचांच्या गोंगाटात हे पाव इंच ऐकू येत नव्हते इतकेच. धनुष्य पडेल ही भीती बोटांतून जायला तीन आठवडे पुरले नाहीत. एखाद्या दिवशी भोक गोल पडायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा ती बारीक फाट. सत्तर हजारांची वस्तू उघड्या हातावर टेकवून ठेवायची हे ज्याच्या दावणीतून म्हैस गेली आहे त्यालाच कळेल.

चाचणीच्या आदल्या दिवशी एका बाणाची पिसे काढून टाकली आणि अठरा मीटरवर पिसांच्या बाणांबरोबर तो मारला. पिसे बाणाला सावरतात, म्हणजे दोष झाकतातही. उघड्या बाणाला झाकायला काही नसते. तो बाकीच्या तिघांच्या शेजारी, बोटभर डावीकडे लागला. टोक थोडे उजवीकडे पाहत होते. मी तो तसाच राहू दिला आणि वडिलांना बोलावून दाखवला. त्याच वेळी जुलैपासूनचे खरे आकडेही सांगितले. ते म्हणाले, "माहीत हुतं. तू आकडा सांगताना म्हशीकडं बघायचीस."

चाचणीत ६६८ झाले. निवड यादीत माझे नाव राखीव म्हणून आले. पन्नास मीटरवर बहात्तरांपैकी एकही बाण निळ्यात गेला नाही, हे मी दोनदा मोजून पाहिले.

त्या रात्री ताईला फोन केला. आकडा सांगितला, ती खूश झाली. मग मी म्हटले, "ताई, माप हलवलं." पाठीमागे तिचे बाळ रडत होते. तिने त्याला कुणाकडे तरी दिले असावे, कारण रडणे लांब गेले.

"किती केलंस?"

"सव्वीस."

"दोन्हीकडं सारखं केलंस ना?"

"हो."

"माझं सत्तावीस होतं," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "आणि ठिपके?"

ठिपके आहेत तिथेच आहेत, मी सांगितले. दोन्ही कॅमवर. माझ्या मापाशी मी अजून खूण केलेली नाही. सर म्हणतात, दिवाळीनंतर पाव इंच आणखी कमी करून बघू.